क्रँक पुलीचा जाम नट: आधी क्रँक धरा, मग नट सोडा

जुन्या गाडीची टायमिंग चेन बदलायची असो, पुढचा ऑइल सील गळत असो किंवा पुली डगमगत असो, काम शेवटी एकाच नटापाशी येऊन अडतं. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावर पुली धरून ठेवणारा तो मोठा नट. काही इंजिनांत तो नट नसून क्रँकच्या पोटात जाणारा जाड बोल्ट असतो, तर काही गाड्यांत हँडल मारायच्या खाचा असलेला जबडा असतो. सोडवण्याची पद्धत तिन्हींची बरीचशी सारखी आहे, म्हणून इथे सोयीसाठी सगळ्यांना नटच म्हणू. जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

नवीन माणूस सगळं लक्ष नटावर आणि पाइपच्या लांबीवर देतो. खरी अडचण बहुतेक वेळा दुसरीकडे असते. क्रँक मोकळा असतो, आणि तुमचा जोर नटापर्यंत पोचण्याआधी गिअरबॉक्स, टायर, क्लच आणि इंजिनाच्या रबरी माउंटमध्ये विरून जातो. क्रँक जितका पक्का धराल तितका कमी जोर लागेल. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा क्रँक धरण्याला दिली आहे.

नट एवढा का अडतो

बऱ्याच जुन्या गाड्यांत कारखान्यातून निघताना हा नट काही अचाट घट्ट नसतो. मिनी आणि मॉरिस मायनरमधल्या बीएमसी ए-सीरिज इंजिनाच्या पुलीचा बोल्ट ७० फूट-पाउंडला, म्हणजे सुमारे ९५ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. स्वच्छ, तेल लागलेला जोड सोडायला आवळण्यापेक्षा थोडा कमीच टॉर्क लागतो. मग ४०-५० वर्षांनी त्याच बोल्टला दुप्पट-तिप्पट टॉर्क का लागतो?

नट आवळताना लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष ताण द्यायला उरतो जेमतेम १० टक्के. म्हणजे घर्षण थोडं वाढलं तरी सोडायचा टॉर्क भराभर चढतो. वॉशरखाली गंज धरतो, गळणारं तेल उष्णतेने करपून डिंकासारखं चिकटतं, कधी वॉशर आणि नट एकमेकांत रुततात. आधीच्या एखाद्या मेकॅनिकने थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा द्रव) ओतलेलं असतं, किंवा इम्पॅक्टने, म्हणजे घाव घालत फिरवणाऱ्या रेंचने, मनसोक्त ठोकून आवळलेलं असतं. ही शेवटची दोन कारणं बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे नट किती घट्ट असेल याचा अंदाज मॅन्युअलच्या आकड्यावरून बांधू नका.

पाना लावण्याआधी

तारेच्या ब्रशने नट चकचकीत होईपर्यंत घासा. मग टॉर्च लावून नीट बघा. पहिली गोष्ट शोधायची ती लॉक वॉशर: पातळ पत्र्याची चकती, जिची कड नटाच्या एका सपाट बाजूवर वाकवलेली असते. तेल आणि धुळीच्या थराखाली ती नटाचाच भाग वाटते. ती सरळ न करता जोर लावत राहिलात तर पत्रा गुंडाळून नटाखाली अडकतो आणि काम आणखी अवघड होतं. छोट्या छिन्नीने कड उचला आणि ड्रिफ्टने (बोथट टोकाच्या धातूच्या सळीने) पूर्ण सपाट करा. अशा दोन कडा असू शकतात, म्हणून नट चारही बाजूंनी पाहा. नटाला अडवणारी एखादी पिन किंवा छोटा स्क्रू आहे का तेही तपासा.

दुसरी गोष्ट आट्यांची दिशा. बहुतेक क्रँक नट उजव्या आट्यांचे असतात, म्हणजे पुलीसमोर उभं राहून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. पण अपवाद असतात, म्हणून मॅन्युअल पाहा. नटाबाहेर शाफ्टचे आटे दिसत असतील तर तेच सांगतील: शाफ्ट उभा आहे अशी कल्पना करा, आटे उजवीकडे वर चढत असतील तर ते उजवे.

तिसरी गोष्ट माप. जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंची माप असतं, आणि त्याहून जुन्यांत व्हिटवर्थ हे वेगळं ब्रिटिश माप. मिलिमीटरचा जवळपासचा सॉकेट चालवून घ्यायचा मोह होतो, पण तो मापागणिक तपासावा लागतो. १५/१६ इंच म्हणजे २३.८ मिमी, तिथे २४ चा सॉकेट चालतो. १ १/१६ म्हणजे जवळजवळ नेमका २७. पण १ ५/१६ म्हणजे ३३.३ मिमी: ३३ चा बसत नाही आणि ३४ चा कडा खातो. अशा ठिकाणी योग्य माप मिळेपर्यंत थांबा. सॉकेट सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा सॉकेट कडांच्या टोकांवरच भार देतो, आणि जाम नटावर ती टोकं पहिली जातात. बऱ्याच सॉकेटच्या तोंडाला आतून उतार असतो, त्यामुळे पातळ नटावर पकड अर्धीच मिळते. नट पातळ असेल तर सॉकेटचं तोंड ग्राइंडरवर सपाट करून घेणं फायद्याचं आहे.

हँडलचा जबडा असेल तर त्याचे कान साध्या सॉकेटच्या तळाला टेकतात आणि षटकोनावर पकडच बसत नाही. तिथे खोल सॉकेट किंवा बॉक्स पाना लागतो. जबड्यामागे पातळ शिम (अंतर जुळवायच्या चकत्या) असतील तर त्यांची संख्या आणि क्रम लिहून ठेवा. हँडल कोणत्या कोनात अडकणार हे त्यांवर ठरतं.

आता रंगाच्या पेनाने नट, वॉशर आणि पुली या तिघांवरून एक सरळ रेघ ओढा. पुढचं सगळं काम या रेघेकडे बघत करायचं आहे. रेघ तुटली तर नट हलला. रेघ अखंड राहून सगळंच फिरलं तर क्रँक फिरतोय आणि तुमची मेहनत वाया चालली आहे.

जागा मोकळी करा

रेडिएटर काढा. दोन होज आणि चार-सहा बोल्टांचं काम टाळायला लोक तिरक्या कोनातून, सांध्यावर सांधा जोडून नट सोडवायला जातात, आणि मग सॉकेट निसटून रेडिएटरची जाळीही जाते आणि बोटंही सोलवटतात. रेडिएटर निघाला की सरळ रेषेत, कमी लांबीच्या एक्स्टेंशनने काम होतं. पंखा आणि बेल्टही काढा. कूलंट भांड्यात धरून झाकून ठेवा. तो चवीला गोड लागतो, पण विषारी असतो, त्यामुळे मुलं आणि जनावरं त्यापासून दूर ठेवा.

बॅटरीची अर्थ वायर काढा. गाडी शक्यतो चारही चाकांवर जमिनीवरच ठेवा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. खालून जागा हवीच असेल तर रॅम्प वापरा. स्टँडवर उभी गाडी आणि मीटरभर पाइपला लटकणारा माणूस हे जमत नाही. नट सुटताना बसणारा हिसका गाडी स्टँडवरून पाडू शकतो.

क्रँक धरण्याचे मार्ग

*गिअर आणि ब्रेक.* सर्वांत सोपा मार्ग. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि साथीदाराला पायाचा ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा. पहिला गिअर जास्त घट्ट धरेल असं अनेकांना वाटतं, पण हिशेब उलटा आहे. नटावर ३०० न्यूटन-मीटर लावले आणि डिफरन्शियल ४ पटीचा असेल, तर टॉप गिअरमध्ये चाकांना १,२०० न्यूटन-मीटर धरावे लागतात. पहिल्या गिअरमध्ये, एकूण गुणोत्तर १४ धरलं, तर ४,२००. तेवढ्याला जुने ड्रम ब्रेक घसरतात. शिवाय पहिल्या गिअरमध्ये टायर आणि ॲक्सलची लवचीकता क्रँकपाशी कितीतरी पट मोठी होऊन जाणवते. टॉप गिअरमध्येही पाना थोडा मऊसर जातो, पण निभावतं.

या पद्धतीची मर्यादा म्हणजे क्लच. झिजलेला क्लच तिथेच घसरतो. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ही पद्धत वापरताच येत नाही, कारण तिथे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्यातून क्रँक मोकळा फिरतो.

*फ्लायव्हीलचे दात.* हा पक्का मार्ग. बेलहाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, फ्लायव्हील झाकणाऱ्या कवचाचं) खालचं झाकण किंवा स्टार्टर काढला की फ्लायव्हीलच्या कडेचं दातांचं कडं, म्हणजे रिंग गिअर, दिसतो. त्याच्या दातांत बसणारा लॉक बेलहाउसिंगच्या बोल्टवर पक्का करायचा. लॉकला निदान दोन-तीन दातांची पकड हवी. स्क्रूड्रायव्हर किंवा पटाशी अडकवायचा शॉर्टकट करू नका. सगळा भार एकाच दातावर येतो आणि दुसरं टोक ॲल्युमिनियमच्या बेलहाउसिंगच्या कडेवर टेकतं. दात तुटला तर गिअरबॉक्स उतरवून रिंग गिअर बदलावा लागतो, आणि बेलहाउसिंग तडकलं तर खर्च त्याहून मोठा.

इंजिन गाडीबाहेर असेल तर काम सुखाचं आहे. क्लच कव्हरच्या दोन भोकांत बोल्ट घालून एक जाड अँगल फ्लायव्हीलला आवळा आणि त्याचं दुसरं टोक जमिनीवर टेकवा. इंजिन स्टँडवर असेल तर तो उलटू शकतो, म्हणून शक्यतो हे काम इंजिन जमिनीवर ठेवून करा.

*पुली धरणं.* पुलीच्या मधल्या भागात आटे पाडलेली भोकं असतील तर त्यांत दोन बोल्ट घालून लांब पट्टी बसवा आणि पट्टी चासिसला टेकवा. काही होंडा इंजिनांत पुलीच्या पोटात ५० मिमीचा षटकोनी खड्डा खास याच कामासाठी दिलेला असतो. इथे एक धोका आहे. बऱ्याच पुलींत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्या मध्ये रबराचा थर असतो, कंपनं शोषण्यासाठी. पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना बाहेरच्या कड्यावर लावला तर सगळा टॉर्क त्या रबरातून जातो आणि जुनं रबर फाटतं. फाटलं तरी पुली वरवर ठीकच दिसते. मग कडं हळूहळू सरकतं, त्यावरची टायमिंगची खूण चुकीची जागा दाखवू लागते आणि इग्निशन जमवताना दिवस जातो. म्हणून धरायचं ते नेहमी मधल्या भागाला. साखळीचा पाना अजिबात नको, तो व्ही-खाचेच्या कडा चेपतो आणि पुढे बेल्ट कापतो.

*सिलिंडरमधला दोर.* फ्लायव्हीलपर्यंत पोचता येत नसेल आणि गिअर टाकूनही क्रँक फिरत असेल, तर हा उत्तम मार्ग. स्पार्क प्लगच्या भोकातून मऊ दोर सिलिंडरमध्ये भरायचा, म्हणजे पिस्टन त्यावर टेकून थांबतो. पण तो कोणत्या बाजूला भरायचा यात हमखास गफलत होते, म्हणून सावकाश वाचा.

१. सगळे प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक चालू आहे.

२. पुढे फिरवत पिस्टन सर्वांत वर आणा आणि तिथून आणखी सुमारे ९० अंश पुढे न्या. आता पिस्टन पॉवर स्ट्रोकवर खाली उतरत आहे आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत.

३. विणीचा नायलॉनचा ८ मिमी जाडीचा, तीनेक मीटर लांब दोर घ्या. बाहेरच्या टोकाला मोठी गाठ मारा. दोर मावेल तेवढा आत भरा. मध्यम आकाराच्या सिलिंडरमध्ये दीड-दोन मीटर जातो.

४. आता क्रँक घड्याळाच्या उलट, म्हणजे नट सोडायच्याच दिशेने, हळूच मागे फिरवा. पिस्टन वर येऊन दोरावर टेकेल आणि मऊसर थांबेल.

नट सोडताना क्रँक मागे ढकलला जातो. पिस्टन वरच्या टोकाच्या अलीकडे, कॉम्प्रेशनवर ठेवून दोर भरला, तर मागे फिरताना पिस्टन खाली जाईल आणि दोर काहीच अडवणार नाही. परत आवळताना मात्र तीच बाजू बरोबर.

पिस्टन कुठे थांबतो तेही महत्त्वाचं. ८० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात नटावर ४०० न्यूटन-मीटर लावले, तर वरच्या टोकापासून ६० ते ९० अंशांवर पिस्टनवर सुमारे १०,००० न्यूटन भार येतो. इंजिन पूर्ण जोरात चालताना पिस्टनला याहून जास्त सोसावं लागतं, त्यामुळे काळजी नको. पण पिस्टन टोकापासून २० अंशांवर थांबला तर तोच भार दुपटीहून जास्त होतो. तसं झालं तर दोर काढा आणि अजून जास्त भरा. तंतू सुटणारा सुती किंवा काथ्याचा दोर नको, आत राहिलेले धागे व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात (ज्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात) प्लग बऱ्याचदा थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर असतो, तिथे दोर व्हॉल्व्हवर दाबला जातो. त्या इंजिनांसाठी फ्लायव्हीलचाच मार्ग धरा.

जोर कसा लावायचा

अर्ध्या इंची टॉमी बार हलक्या कामांसाठी ठीक आहे, पण त्यावर लांब पाइप चढवला की तो पिळतो किंवा डोक्यापाशी तुटतो. पाऊण इंची ब्रेकर बार (सॉकेट फिरवायचा लांब, जाड दांडा) आणि मीटरभर जाड भिंतीचा पाइप घ्या. ७० किलोचा माणूस मीटरभर अंतरावर पूर्ण भार देतो तेव्हा नटावर जवळजवळ ७०० न्यूटन-मीटर येतात. एवढ्याने न सुटणारा नट विरळा, फक्त क्रँक खरोखर धरलेला हवा.

एक्स्टेंशन लागत असेल तर शक्य तेवढं आखूड घ्या आणि त्याच्या बाहेरच्या टोकाखाली स्टँड किंवा लाकडी ठोकळा द्या. आधार नसला की बार खाली दाबताना सॉकेट नटावर तिरका होतो, आणि कडा गोल होण्याचं पहिलं कारण हेच असतं.

पुलीसमोर उभं राहून बार तुमच्या डाव्या हाताला आडवा ठेवा आणि खाली दाबा. यात शरीराचं वजन कामी येतं, आणि नट अचानक सुटला तर बार जमिनीकडे जातो. बार उजवीकडे ठेवून वर उचलायच्या भानगडीत पडू नका, पाठ जायबंदी होते. आधी आवळायच्या दिशेने एक छोटा झटका द्या. गंजाचा थर कधी कधी तिथेच तडकतो. मग सोडायच्या दिशेने.

बार दाबताना हाताला काय जाणवतं याकडे लक्ष द्या. बार ३०-४० अंश गेला आणि सोडल्यावर तेवढाच परत आला, तर काहीच हललेलं नाही, नुसता पीळ भरला गेला. खरा नट सुटताना ‘कट्’ असा आवाज येतो, बार परत येत नाही आणि रंगाची रेघ तुटलेली दिसते. सतत वाढत जाणाऱ्या रेट्यापेक्षा तोच भार झटक्याने दिला तर नट लवकर सुटतो. बारचा ढिलेपणा आधी संपवा, हलका ताण ठेवा आणि मग पाइपच्या टोकावर जड रबरी हातोड्याचा घाव घाला.

इम्पॅक्ट रेंच

चांगला इम्पॅक्ट असेल तर सर्वांत आधी तोच वापरून पाहा. त्याचे घाव इतके जलद असतात की क्रँक आणि फ्लायव्हीलची जडताच बरंचसं धरण्याचं काम करते. इम्पॅक्ट चालत नाही अशी तक्रार असते तेव्हा दोष सहसा हवेच्या नळीत असतो. बारीक नळी आणि छोटा कॉम्प्रेसर असला की इम्पॅक्ट चालू झाल्यावर दाब कोसळतो आणि घाव पोकळ पडतात. आतून निदान १० मिमी भोकाची नळी घ्या, आणि इम्पॅक्ट चालत असताना त्याच्या तोंडापाशी ६ बारच्या आसपास दाब राहतो का ते बघा. सॉकेट इम्पॅक्टचाच हवा. क्रोमचा सॉकेट फुटला की त्याचे तुकडे डोळ्यात जातात. लांब एक्स्टेंशन स्वतः पिळून घाव गिळतो, तेव्हा इथेही रेडिएटर काढल्याचा फायदा होतो. तीन-पाच सेकंदांचे घाव, मध्ये थांबा, रेघ बघा. अर्ध्या मिनिटात रेघ तुटली नाही तर पुढे ठोकत बसू नका, उष्णतेकडे वळा.

तेल आणि उष्णता

गंज सोडवणाऱ्या तेलाबद्दल अपेक्षा मोजकी ठेवा. शाफ्टवर बसलेल्या नटाला बाहेर आटे दिसतात, तिथे तेल आत झिरपतं. रात्रभर दोन-तीन वेळा टाकून नटाच्या बाजूंवर हलके ठोके दिले तर उपयोग होतो. पण क्रँकच्या पोटात जाणारा बोल्ट असेल तर वॉशर वाट अडवतो आणि तेल आट्यांपर्यंत सहसा पोचतच नाही. तिथे उष्णताच हवी.

आग लावण्याआधी ते तेल पूर्ण पुसून काढा, ते पेट घेतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर आसपास फवारला असेल तर ज्योत अजिबात नको. गरम झाल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर राहा, अग्निशामक हाताशी ठेवा. इंडक्शन हीटर मिळत असेल तर तोच सर्वांत बरा, उघडी ज्योत नाही आणि उष्णता नेमक्या जागी.

नट असेल तर नटच तापवा, शाफ्ट नव्हे. ३० मिमी व्यासाचा पोलादी नट १५० अंशांनी तापला की सुमारे ०.०५ मिमी फुगतो, आणि गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. तो गरम असतानाच फिरवा. बोल्टचं गणित थोडं वेगळं आहे. डोकं तापवलं की बोल्ट लांबतो आणि वॉशरवरचा ताण कमी होतो, पण आट्यांत तो जाडही होतो. म्हणून बोल्ट तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग प्रयत्न करा. दोन-तीन फेऱ्या लागू शकतात. थ्रेडलॉकरचा संशय असेल तर मात्र बोल्टही गरम असतानाच सोडवा. जोरकस प्रकारचं थ्रेडलॉकर २५० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

धातूचा रंग निळा झाला म्हणजे तो ३०० अंशांच्या आसपास गेला. तिथे थांबा. लाल करायचं नाही, बोल्टचं कठीणपण जातं. पुढचा ऑइल सील या सगळ्यात टिकणार नाही असं धरूनच चाला आणि नवा आणून ठेवा. रबरी थराच्या पुलीवर ज्योत फिरवू नका.

स्टार्टरची युक्ती

बार चासिसला टेकवायचा आणि स्टार्टरचा झटका मारायचा, ही युक्ती बरेच जण सुचवतात. तिने नट सुटतो हे खरं. पण बार निसटला तर तो कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा नसतो, त्यामुळे वरचं सगळं फसल्याशिवाय तिकडे जाऊ नका. करायचीच असेल तर अटी पक्क्या हव्यात. इंजिन पुलीकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणारं आणि नट उजव्या आट्यांचाच असला पाहिजे. होंडाच्या बी-सीरिजसारखी उलटी फिरणारी इंजिनं असतात, तिथे हा झटका बोल्ट आणखी आवळतो.

पुढे बसवलेल्या, लांबीत असलेल्या इंजिनात समोरून पाहताना बार तुमच्या उजवीकडे ठेवा, म्हणजे तो खाली चासिसवर दाबला जाईल. डावीकडे ठेवला तर तो वर उसळेल. बार आधीच चासिसला टेकलेला हवा, मध्ये फट नको. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी वाटेत नकोत. गिअर न्यूट्रल, कॉइलची वायर काढलेली, पेट्रोल पंप बंद. बॅटरी जोडल्यावर गाडीपुढे कुणीही उभं राहायचं नाही. चावी क्षणभर फिरवून लगेच सोडा. दोन-तीन झटक्यांत झालं नाही तर पुढे जाऊ नका, स्टार्टरच्या पिनियनचे दात जातात.

कडा गोल झाल्या तर

पहिला गोलसरपणा दिसला की थांबा. घट्ट बसणारा किंचित लहान सॉकेट हातोड्याने ठोकून बसवा. तेही जमलं नाही तर डोक्यावर मोठा नट वेल्ड करणं हा खात्रीचा उपाय आहे, कारण वेल्डिंगची उष्णता जोडही सैल करते. अर्थचा क्लॅम्प थेट पुलीच्या मधल्या भागाला लावा. तो बॉडीला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला बारीक खड्डे पडतात. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवलेले हवेत.

शाफ्टवरचा नट असेल तर तो बळी द्या. एक बाजू ग्राइंडरने आट्यांच्या अगदी जवळपर्यंत पातळ करा आणि छिन्नीच्या घावाने नट फोडा. नट नवा मिळतो, क्रँकचे आटे मिळत नाहीत. काहीही झालं तरी क्रँकच्या टोकावर समोरून मोठ्या हातोड्याने ठोकू नका, तो घाव सरळ क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो.

नट सुटल्यावर

पुली हाताने येत नसेल तर तिच्या आट्यांच्या भोकांत बसणारा पुलर वापरा. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कड्याला अडकवला तर रबर फाटण्याचा तोच धोका असतो. पुलरचा स्क्रू क्रँकच्या आट्यांवर दाबू नका, मध्ये जाड चकती द्या. पुली निघताना चावी, म्हणजे पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला छोटा पोलादी तुकडा, सैल होऊन पडू शकते. टायमिंग कव्हर उघडं असेल तर ती संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) जाऊ शकते, म्हणून आधी फडकं कोंबा.

चावी आणि तिची खाच नीट तपासा. खाच रुंद झाली असेल किंवा चावीवर पायरी पडली असेल, तर नट बराच काळ सैल होता. सील जिथे घासतो तिथे पुलीवर नखाला लागेल इतका चर पडला असेल, तर नवा सीलही गळेल. त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी लागेल.

आटे ब्रशने आणि थ्रेड चेझरने (आटे न कापता साफ करणाऱ्या हत्याराने) साफ करा. आटे पाडायचा टॅप वापरू नका, तो धातू कापतो. लॉक वॉशर नवा घाला. नट टॉर्क पान्यानेच आवळा, इम्पॅक्टने नाही. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहून घ्या. कोरड्याचा आकडा तेलकट आट्यांवर लावला तर ताण २५-३० टक्के जास्त बसतो. दोराने क्रँक धरला असेल तर आता पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, वरच्या टोकाच्या अलीकडे ठेवायला विसरू नका. शेवटी दोर बाहेर आल्यावर त्याची लांबी मोजा, आणि आत तुकडा राहिला नाही याची खात्री करूनच प्लग बसवा.